गोल कुणी पाहिला?

फळ्यावर खडूने वर्तुळ काढलं त्यांनी. त्याच्या आत दुसरं, मग तिसरं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. मग बाहेरच्या अंगाला चारी दिशांना सारख्या लांबीचे बाण. म्हणाले, तारा मरतो तो असा. सगळ्या बाजूंनी सारखा फुटतो. अतिनवतारा म्हणजे फुगत जाणारा आगीचा गोळा.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. रात्रपाळी करून तसाच आलेला, अंगाला तेलाचा वास. हात वर केला. विचारलं, "सर, गोल कुणी पाहिला?"

सभागृह हसलं. वक्ते हसले नाहीत, ते दयाळू झाले. हे उच्च गणिताचं काम आहे, तुमच्या आवाक्यातलं नाही, तुम्ही फक्त गोल असतो एवढं लक्षात ठेवा, असं म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या एका इस्त्रीवाल्या शर्टाकडे वळले.

हा लेख त्या दयेला उत्तर आहे. मी मॅट्रिक. पण वाचनालयात बसायला डिग्री लागत नाही आणि ताऱ्याच्या उजेडाला कुणाची जात, कुणाचं सर्टिफिकेट विचारायची सवय नाही. सहा महिने वाचलं. आता बोलतो.

पहिलं म्हणजे, गोल कुणीच पाहिला नव्हता. दुसऱ्या दीर्घिकेत तारा फुटतो तेव्हा जगातल्या कुठल्याही दुर्बिणीतून तो ठिपका दिसतो. नुसता ठिपका. त्याला ना लांबी ना रुंदी. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा दिवा तो. त्याचा आकार भिंगातून काय दिसणार, कप्पाळ! म्हणजे फळ्यावरचं ते वर्तुळ बघून काढलेलं नव्हतं. ते मानलेलं होतं.

का मानलं? सोय म्हणून. गोल मानला की तीन दिशांचं गणित एका दिशेत बसतं. केंद्रापासून किती लांब, एवढाच प्रश्न उरतो. हिशेब सोपा करायला गोल मानला, तर माना. त्याला माझी ना नाही. आमचा टॅलीवाला पण एका गोणीचं वजन धरून सगळ्या थप्पीचं मांडतो. पण तो टॅलीवाला त्या आकड्याला सत्य म्हणत नाही, अंदाज म्हणतो. सोयीला सत्याचा टिळा लावून तिला फळ्यावर बसवायचं आणि विचारणाऱ्याला आवाक्याबाहेर हाकलायचं, ही बेइमानी आहे. माझं भांडण तिच्याशी आहे.

आणि गंमत ऐका. गोल मानला की तारा फुटतच नाही! वजनदार ताऱ्याच्या पोटात लोखंडाचा गाभा साठतो, त्याच्यातून आणखी ऊर्जा निघत नाही, आणि तो एका सेकंदाच्या आत स्वतःच्याच भाराने खाली कोसळतो. दाबून दाबून आणखी दाबता येईना की उसळी मारतो. त्या उसळीचा धक्का बाहेर निघतो आणि शेदोनशे किलोमीटरवर दम तुटून थांबतो. शास्त्रज्ञांनी हे सगळं कॉम्प्युटरवर गोल मानून पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. अगदी हलके तारे सोडले तर बहुतेक वेळा धक्का मेला, तारा फुटला नाही. मग दोन दिशांत, तीन दिशांत गणित मांडलं. आतला माल भाताच्या आधणासारखा उकळू दिला, एका बाजूला कलंडू दिला, न्यूट्रिनोंची आच त्याला लागू दिली. तेव्हा कुठे धक्क्यात जीव आला. म्हणजे ते सुबक वर्तुळ म्हणजे मरणाचं चित्र नव्हतंच. ते चित्र तर ताऱ्याला मरूही देत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हे झालं कॉम्प्युटरचं. आभाळात काय आहे ते कसं कळणार, ठिपका तर ठिपकाच. बरोबर. म्हणूनच उजेडाला विचारावं लागलं.

धक्क्यावर दुपारी बाराला पाण्याकडे बघवत नाही. डोळ्यांत सळई घुसते. आमच्या क्रेनवाल्याकडे एक गॉगल आहे, पोलराइडचा. तो घातला की पाण्यावरची चकाकी विझते आणि खालचा गाळ, तेलाचे तवंग, कुजका दोर, सगळं दिसतं. तोच गॉगल हातात धरून आडवा फिरवला की चकाकी परत हजर. मी कितीदा तरी हे केलंय आणि क्रेनवाल्याच्या शिव्या खाल्ल्यात. असं का होतं? उजेड ही लाट आहे आणि ती आपल्या वाटेला आडवी डुलते. साध्या उजेडात डुलणं सगळ्या दिशांना असतं, मोर्चा पांगल्यासारखं. पण पाण्यावर आपटून, कणावर आपटून उजेड वळला की एका दिशेचं डुलणं जास्त उरतं. याला पुस्तकात ध्रुवीकरण म्हणतात. (हा शब्द आपण निवडणुकीच्या बातम्यांत वाचतो. ते ध्रुवीकरण वेगळं, हे प्रामाणिक आहे.) १८०८ साली पॅरिसमध्ये मालूस नावाच्या माणसाने आइसलँडच्या स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग महालाच्या खिडक्यांवरचा मावळता सूर्य बघितला, स्फटिक फिरवला आणि त्यातल्या दोन प्रतिमा आळीपाळीने मंद होताना त्याला दिसल्या. काचेवरून परतलेला उजेड एका दिशेला डुलतो हे तेव्हा कळलं. क्रेनवाल्याचा गॉगल त्याच घराण्यातला.

फुटलेल्या ताऱ्याभोवती इलेक्ट्रॉनांचं दाट धुकं असतं. उजेड त्यांच्यावर आपटत आपटत बाहेर येतो. आता डोळ्यांपुढे घड्याळ आणा. बाराच्या आणि सहाच्या काठावरून काटकोनात वळून आपल्याकडे येणारा उजेड आडवा डुलतो. तीनच्या आणि नऊच्या काठावरून येणारा उभा डुलतो. घड्याळ गोल असेल तर आडवं आणि उभं फिट्टंफाट. बाकी शून्य. पण घड्याळ कुणी चेपलं असेल, लांबट असेल, तर हिशेब जमत नाही. एका बाजूची थकबाकी उरते. ठिपका ठिपकाच राहतो, पण त्या ठिपक्याच्या उजेडात ती थकबाकी असते. किती उरली त्यावरून आकार किती बिघडलाय ते कळतं, आणि कोणत्या दिशेला उरली त्यावरून स्फोटाचा अक्ष.

एवढंच आहे. हे माझ्या आवाक्यात नव्हतं म्हणे.

यामागचं मूळ गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४६ मध्ये मांडलं होतं. इलेक्ट्रॉनांनी विखुरलेला उजेड ताऱ्याच्या काठावर ११.७ टक्क्यांपर्यंत ध्रुवित असेल, असं त्यांनी सांगितलं. ते शोधायला हिल्टनर आणि हॉल हे दोघे अमेरिकन निघाले आणि १९४९ मध्ये त्यांना सापडलं भलतंच. ताऱ्यांचा उजेड ध्रुवित होता खरा, पण तो वाटेतल्या धुळीमुळे. ताऱ्याताऱ्यांमधल्या अवकाशात धूळ आहे आणि तिचे लांबट कण एका रांगेत उभे आहेत, हे असं कळलं. ही धूळ विसरू नका. पुढे ती घोळ घालणार आहे.

अतिनवताऱ्याला हा प्रश्न नीट विचारला शापिरो आणि सदरलंड यांनी, १९८२ मध्ये. त्यांनी लिहिलं की ध्रुवीकरण मोजा, गोलाईपासून तो किती ढळलाय ते कळेल. त्यानंतर पाच वर्षांनी आभाळानेच परीक्षा घेतली.

२४ फेब्रुवारी १९८७. चिली देशात लास काम्पानास नावाचा डोंगर, त्यावर वेधशाळा. तिथे ऑस्कर दुआल्दे हा चिलीचा माणूस दुर्बीण चालवायला रात्रपाळीला होता. प्राध्यापक नव्हे, ऑपरेटर. मधेच विश्रांतीला बाहेर आला, मान वर केली आणि मोठ्या मॅगेलनी मेघात एक तारा जास्त दिसला. नुसत्या डोळ्यांनी! त्याला तिथलं आभाळ पाठ होतं, आपल्याला धक्क्यावरचे बोलार्ड पाठ असतात तसं. आत येऊन तो पुन्हा कामाला लागला. पलीकडे इयन शेल्टन लहान दुर्बिणीवर फोटोची काच धुवत होता, त्याच्या काचेवर तोच तारा उमटला. तो सांगायला आला तेव्हा कळलं की दुआल्देने आधीच पाहिलाय. शोधाच्या अधिकृत पत्रकात शेल्टनबरोबर त्याचंही नाव आहे, आणि न्यूझीलंडच्या हौशी निरीक्षक अल्बर्ट जोन्सचंही. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना ठळक दिसलेला हा पहिला अतिनवतारा, १९८७ ए, अंतर सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षं. त्याला डोळ्याने पहिल्यांदा पाहणारा माणूस रात्रपाळीवाला होता. आवाक्याची भाषा करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत उतरवून घ्यावं.

मग ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या दुर्बिणीने आणि इतरांनी त्याचा उजेड पट्ट्यापट्ट्याने फोडून ध्रुवीकरण मोजलं. बाकी शून्य आली नाही. थकबाकी निघाली. म्हणजे स्फोट गोल नव्हता. पण ठिपक्यावर विश्वास कोण ठेवतो? धूळ असेल म्हणणारे होते. त्यात चूक काही नाही, शंका घ्यायलाच पाहिजे. मात्र शंकेची परीक्षाही असते. धुळीचं ध्रुवीकरण आज आहे तेच उद्या, परवा. ती कुठे पळून जात नाही. स्फोटाचं ध्रुवीकरण दिवसागणिक बदलतं, आणि हायड्रोजनच्या, कॅल्शियमच्या रेषांपाशी उड्या मारतं. जे बदलतं ते ताऱ्याचं, जे तसंच राहतं ते धुळीचं. शिवाय जिथे उजेड बाहेरच्या विरळ वायूतून ताजा निघतो, त्या ठळक रेषेत ताऱ्याची स्वतःची थकबाकी जवळपास नसते. तिथे जे उरतं ते धुळीचं धरून वजा करायचं.

आणि मग पंधरा वर्षं गेली. १९८७ ए चा मलबा एवढा पसरला की हबल दुर्बिणीला तो ठिपका न दिसता आकार दिसू लागला. २००२ मध्ये लिफान वांग आणि त्याच्या सोबत्यांनी ते फोटो छापले. मलबा लांबट! आणि तो ज्या दिशेला लांबट होता ती दिशा ध्रुवीकरणाने ठिपका असतानाच दाखवलेल्या अक्षाशी जुळत होती. साक्षीदाराने पहिल्याच दिवसांत खरं सांगितलं होतं. फोटो पंधरा वर्षं उशिरा कोर्टात आला.

मला यावर थांबायचंय थोडं. कारण आपल्याकडे फोटो म्हणजेच पुरावा. फोटो नाही म्हणजे घडलंच नाही. आणि इथे काय? जो दिसत नव्हता त्याचा आकार शंभरातल्या एका भागाच्या फरकाने कळला. टक्का दीड टक्का. एवढ्याशा फरकासाठी किती मेहनत लागते माहीत आहे? दहा लाख फोटॉन मोजावेत तेव्हा हजारात एकाची खात्री येते. उजेड प्रिझममधून दोन वाटांना फोडायचा, मधली चकती शून्य अंशावर, मग साडेबावीस, पंचेचाळीस, साडेसदुसष्टवर फिरवायची, दर वेळी दोन्ही वाटांवरचा माल मोजायचा आणि वजाबाकी करायची. हीच टॅली. फक्त गोणीऐवजी फोटॉन. त्यासाठी आठ मीटरचे आरसे लागतात, कारण लहान आरशाला एवढे फोटॉन रात्रभरात मिळत नाहीत.

१९९० नंतर टेक्सासमध्ये वांग आणि क्रेग व्हीलर या दोघांनी सापडेल त्या अतिनवताऱ्याचं ध्रुवीकरण मोजायचा सपाटा लावला. तेव्हा एक गोष्ट लख्ख झाली. गाभा कोसळून फुटणारे तारे सगळेच गोलाईपासून ढळलेले. आणि ज्याने मरण्याआधी आपला बाहेरचा हायड्रोजनचा झगा जितका जास्त फेकून दिलेला, तितकी त्याची थकबाकी जास्त. म्हणजे जितकं आत बघावं तितकं वाकडं.

मग झगा अंगावर असलेल्यांचं काय? त्याचं उत्तर २००४ डीजे या ताऱ्याने दिलं. एनजीसी २४०३ या दीर्घिकेत, कोटभर प्रकाशवर्षांवर. लेनर्ड आणि मंडळी महिन्यामागून महिने त्याच्यावर डोळा ठेवून बसली. पहिले तीन महिने, हायड्रोजनचं जाड कवच चमकत होतं तोवर, ध्रुवीकरण जवळपास नाहीच. फळ्यावरच्या वर्तुळवाल्यांना आनंद व्हावा असं. मग कवच विरळ झालं, नजर आतल्या गाभ्यापर्यंत पोचली, आणि ध्रुवीकरण एकदम अर्ध्या टक्क्याच्या वर उसळलं. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. वरून गोणी टम्म, गोल, शिलाई नीट. आत हात घातला तर माल एका कोपऱ्यात ठोसून भरलेला. ज्याने तीन महिन्यांत आपलं निरीक्षण आवरून घेतलं असतं त्याने "गोल" म्हणून शिक्का मारला असता आणि आयुष्यभर भाषणं दिली असती.

आणखी एक. बाकी शून्य आली म्हणजे गोल सिद्ध झाला, असंही नाही. लांबट जांभूळ देठाकडून बघितलं तर गोलच दिसतं. अक्ष आपल्याकडे रोखलेला असेल तर थकबाकी दिसणार नाही. साक्षीदार गप्प बसला म्हणजे त्याने कबुली दिली असं धरायची आपल्याकडच्या पंचांना सवय आहे. ध्रुवीकरणाच्या शास्त्रात ती चालत नाही. तिथे एका गप्प ताऱ्यावरून निकाल देत नाहीत, अनेक तारे मोजतात.

आता माझ्या बाजूच्या विरुद्ध जाणारं पण सांगतो, नाहीतर माझ्यात आणि त्या वक्त्यांत फरक काय. दुसऱ्या जातीचे (इथे तरी हा शब्द निरुपद्रवी असावा) अतिनवतारे असतात, पहिला-अ प्रकारचे. श्वेत बटू तारा पेटून अख्खा उडतो ते. ते बऱ्यापैकी गोल निघाले. २००१ ईएल हा तारा व्हीएलटी दुर्बिणीने मोजला, ध्रुवीकरण ०.२ ते ०.३ टक्के, म्हणजे गोलाईत साधारण दहा टक्क्यांचा फरक. आणि जसे दिवस गेले तसं ते आणखी कमी झालं, म्हणजे आतून जास्त गोल. गाभा कोसळणाऱ्यांच्या बरोबर उलट! ही गोष्ट छोटी नाही. याच ताऱ्यांच्या तेजावरून अंतरं मोजून १९९८ मध्ये विश्व वाढत्या वेगाने पसरतंय असं सांगितलं गेलं, २०११ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ते फार वाकडे निघाले असते तर कुठल्या बाजूने बघतो त्यावर तेज बदललं असतं आणि त्या मापाचा पाया हलला असता. म्हणून सांगतो, इथे वर्तुळ काढा, हरकत नाही. पण इथेही ते मोजून मिळालेलं आहे. वडिलोपार्जित नाही.

ताजी गोष्ट. १० एप्रिल २०२४ ला वासुकी तारकासमूहात, एनजीसी ३६२१ या दीर्घिकेत, २ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर तारा फुटलेला दिसला. २०२४ जीजीआय. तांबडा महाराक्षस होता तो, सूर्याच्या १२ ते १५ पट वजनाचा, ५०० पट त्रिज्येचा. यी यांग नावाचा संशोधक लांबच्या विमानप्रवासातून नुकताच उतरला होता. झोपायचं सोडून त्याने अर्ज लिहिला, चिलीतली व्हीएलटी मिळवली आणि तारा सापडल्यापासून २६ तासांत दुर्बीण त्याच्यावर रोखली गेली. का एवढी घाई? कारण स्फोटाचा धक्का ताऱ्याचं कातडं फाडून बाहेर येतो तो आकार तासाभराचा पाहुणा असतो. एक दिवस उशीर झाला असता तर तो कायमचा गेला असता. २०२५ मध्ये निकाल छापला गेला: पहिला उद्रेक ऑलिव्हच्या फळासारखा लांबट. आपण जांभूळ म्हणू. पुढे तो ताऱ्याभोवतीच्या वायूवर आपटून चपटा झाला, पण अक्ष हलला नाही. म्हणजे हा वाकडेपणा वाटेत लागलेला नाही, तो आतूनच आलेला आहे, पहिल्या क्षणापासून.

आणि हे फक्त साहेबांच्या देशात होतं असंही समजू नका. नैनितालच्या १.०४ मीटरच्या दुर्बिणीतून आपल्याच लोकांनी २०१२ एडब्ल्यू या ताऱ्याचं ध्रुवीकरण मोजलेलं आहे. पुण्याच्या आयुकाने ध्रुवीकरण मोजायचं यंत्र बनवून जुन्नरजवळच्या गिरावलीच्या दोन मीटर दुर्बिणीला जोडलं आहे. त्या वक्त्यांच्या सभागृहापासून एसटीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

आपल्यातलेही काही दोस्त बोलतात, पोटात भूक आणि हा ताऱ्यांच्या गप्पा मारतो. अरे, आभाळ म्हटलं की पंचांग आणि पत्रिका, हे आपल्याला कुणी शिकवलं? तिथलं काहीच आपलं नाही, हे कुणी ठरवलं? आपल्या रक्तातलं लोखंड अशाच ताऱ्यांच्या पोटातून, अशाच स्फोटांतून आलंय. ते स्फोट कसे झाले हे विचारायला मला कुणाची परवानगी लागते?

सर, हे अंक तुमच्या पत्त्यावर टाकतोय. पुढच्या भाषणाआधी फळ्यावरचं वर्तुळ पुसा, किंवा निदान त्याच्याखाली 'सोयीसाठी मानलेलं' एवढं लिहा. आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्याला आधी बोलू द्या.

बाकीच्यांनी येत्या रविवारी भाऊच्या धक्क्यावर या, सूर्य बुडायच्या वेळेला. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेवरून सोललेला पोलराइडचा तुकडा आहे माझ्याकडे. तो डोळ्याला लावून बरोब्बर डोक्यावरच्या आभाळाकडे बघत फिरवायचा. आभाळ काळवंडतं आणि परत उजळतं. पावसाळी ढग नसले म्हणजे झालं. तुकडा मी आणतो, चहा तुम्ही पाजा.